रेषेतलं घर

एराक्लियो चुकिलिन सरांच्या घरातल्या अकरा कुई एका रविवारी सकाळी, सर आणि नेलिदाबाई बाजारात बटाटे निवडत उभे असताना, चोरीला गेल्या. कुई हा सशाहून लहान, उंदराहून देखणा, चुलीशेजारी पाळायचा आणि सणाला तळायचा प्राणी. चोरांनी कुई नेल्या, त्यांच्यासाठी कापून ठेवलेला लसूणघास नेला आणि जाताना दार नीट ओढून घेतलं. नेलिदाबाईंना त्या ओढून घेतलेल्या दाराचं सगळ्यात जास्त लागलं.

"म्हणजे वळण असलेला माणूस आहे," त्या म्हणाल्या. "ओळखीतलाच कुणीतरी."

सर पोलीस चौकीत तक्रार द्यायला गेले. हवालदाराने मोठ्या आस्थेने कागद पुढे ओढला आणि प्रत्येक कुईची ओळखीची खूण विचारली. सर म्हणाले, दहा तपकिरी आणि एक पांढरी. हवालदार म्हणाला, उद्या दहा तपकिरी कुई सापडल्या तर त्या तुमच्याच हे तुम्ही शपथेवर सांगाल का? दुसरा कुणी असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. पण चुकिलिन सर अठ्ठावीस वर्षं भूमिती शिकवत होते. दोन त्रिकोण नुसते सारखे दिसतात म्हणून ते एकरूप म्हणायचे नसतात, हे त्यांनी निम्म्या गावाला छडी आपटून सांगितलं होतं. तेव्हा ते खरं तेच बोलले आणि एका पांढऱ्या कुईच्या तक्रारीची पोच घेऊन घरी आले.

आमचं सान हेर्वासियो हे गाव डोंगराच्या उतारावर आहे, म्हणून त्याला वरची आळी आणि खालची आळी. मध्ये गिरणीचा रस्ता. वरच्या आळीने दोन वर्षांपूर्वीच आपली रोंदा उभी केली होती. रोंदा म्हणजे गस्त. पोलिसांची नव्हे, आपली आपण. आमच्या डोंगरात ही पद्धत मुरलेली आहे. लोक पाळीपाळीने काठ्या, चाबूक आणि असतील त्या बंदुका घेऊन फिरतात, चोर सापडला की चारचौघांत त्याला बेडूकउड्या मारायला लावतात, वहीत कबुली लिहून घेतात आणि सोडतात. वरच्या आळीत रोंदा आली तसे चोर तिथून उठले. पण चोरांनाही पोट असतंच. ते खालच्या आळीत आले. एका महिन्यात उबाल्दिनाबाईंचं शिलाईयंत्र गेलं, दोन गॅसच्या टाक्या गेल्या, आणि देवळातल्या घंटेचा दोर गेला. घंटा राहिली होती, पण वाजवायची कशी हा प्रश्न होता.

तेव्हा खालच्या आळीची सभा सार्जंट कासिमिरोंच्या अंगणात भरली. कासिमिरो लष्करातून निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली होती, पण ते अजून आडव्या माणसालाही सावधान उभं करू शकत होते. शिवाय आळीत छऱ्याची बंदूक फक्त त्यांच्याकडे होती, आजोबांची, एकनळी. त्यामुळे अध्यक्ष कोण हा प्रश्नच उद्भवला नाही. बंदुकीचा परवाना मात्र संपलेला होता. तो नवा करायला सार्जंट जिल्ह्याच्या गावी गेले, तर तिथे मन ठिकाणावर असल्याचा दाखला मागितला. दाखला देणाऱ्या डॉक्टरने विचारलं, बंदूक कशाला हवी? सार्जंट म्हणाले, घरात लोक शिरतात. डॉक्टरने विचारलं, लोक आपल्या मागावर आहेत असं तुम्हाला वाटतं का? सार्जंट म्हणाले, वाटतं म्हणजे काय, आमच्या सगळ्या आळीला वाटतं. डॉक्टरने बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि दोन महिन्यांनी पुन्हा या म्हणून सांगितलं.

सभेत सल्ल्यांची कमतरता नव्हती. कुणी म्हणालं भिंतीवर काचा लावा, कुणी म्हणालं कुत्री पाळा, कुणी म्हणालं कुत्र्यांनाच आधी नेतात. उबाल्दिनाबाई म्हणाल्या, प्रत्येक घरात उकळतं पाणी तयार ठेवायचं. त्यावर गॅसची टाकी गेलेला इसम त्यांच्याकडे पाहत राहिला. शेवटी चौदा चाबूक, नऊ काठ्या, सहा शिट्ट्या आणि एक बंदूक एवढ्यावर रोंदा स्थापन झाली. चिटणीस म्हणून चुकिलिन सरांना निवडलं, कारण त्यांचं अक्षर चांगलं होतं आणि ते नाही म्हणायच्या आत टाळ्या पडल्या.

इथे थांबून सरांविषयी एक सांगायला हवं. दरवर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी ते फळ्यावर खडूने एक ठिपका देत, मग वर्गाकडे वळून म्हणत, "हा बिंदू नाही. ही बिंदूची खूण आहे. बिंदू दिसत नसतो." गावातला पंधरापासून त्रेचाळीस वर्षांपर्यंतचा प्रत्येक माणूस हे वाक्य ऐकून मोठा झाला होता. अशा माणसाला नियमावली लिहायला सांगितली तर ती कशी सुरू होणार हे आम्हाला कळायला हवं होतं. पण आम्हाला वाटलं, चोरांविषयी लिहितील.

पुढच्या सभेत सर चष्मा लावून उभे राहिले.

"कलम एक. व्याख्या. ज्याला जागा आहे पण लांबी, रुंदी, जाडी नाही, तो बिंदू. पहारेकरी जिथे उभा राहील त्या ठिकाणाला यापुढे बिंदू म्हणावं."

"सर," उबाल्दिनाबाई मागून म्हणाल्या, "आमच्या ह्यांना जिथे उभं करणार तिथे रुंदी लागेल. तुम्ही पाहिलंय त्यांना."

त्यांचे यजमान शेजारीच होते. त्यांनी मान हलवून दुजोरा दिला.

"कलम दोन," सर म्हणाले. "जिला लांबी आहे पण रुंदी नाही, ती रेषा."

"सर, चोर कलम दोनपर्यंत थांबणार आहे का?" सार्जंटांनी विचारलं.

"हद्द कुठे संपते हे ठरल्याशिवाय तुम्ही चोराच्या मागे कुठवर धावणार?"

"दम लागेपर्यंत."

"ती व्याख्या होत नाही, सार्जंट."

मग आपली हद्द म्हणजे गिरणीच्या रस्त्यावरची रेषा असं सगळ्यांनी म्हटलं, तर सरांनी तेही चालू दिलं नाही. रेषा दोन्ही टोकांना अनंत जाते. नुसती रेषा म्हटलं तर आपल्याला एकीकडे समुद्रापर्यंत आणि दुसरीकडे ब्राझीलच्या जंगलात गस्त घालावी लागेल. आपल्याला हवा तो रेषाखंड, गिरणीपासून स्मशानाच्या फाटकापर्यंत. यावर अर्धा तास गेला. सार्जंटांच्या घरात बटाट्याचं सूप निवत होतं, म्हणून रेषाखंड एकमताने मंजूर झाला.

आता रोंदेची नोंद नगरपालिकेत करायला हवी होती, कारण नोंद नसलेल्या रोंदेने चोराला मारलं तर मारामारी होते आणि नोंद असलेल्या रोंदेने मारलं तर शिक्षण होतं. नोंदीला हद्दीचा नकाशा लागतो. सरांनी दोन रविवार खर्चून नकाशा काढला. पाच हजारास एक असं प्रमाण, घरं मोजून, झाडं मोजून, आणि सीमारेषा ब्लेडने टोक काढलेल्या कठीण पेन्सिलीने, श्वास रोखून. नेलिदाबाईंनी त्या वेळात दोनदा जेवायला हाक मारली आणि तिसऱ्यांदा एकट्या जेवल्या.

नगरपालिकेतला कारकून रोसेन्दो हाही सरांचाच विद्यार्थी. त्याने नकाशा खिडकीच्या उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"सर, हद्द कुठाय?"

"ही काय."

"दिसत नाही."

"दिसायला नकोच," सर म्हणाले. "रेषेला रुंदी नसते. विसरलास?"

"मी नाही विसरलो सर, पण ह्या झेरॉक्सला तुम्ही शिकवलेलं नाही. हिला रुंदी लागते." त्याने नकाशा यंत्रात घालून दाखवला. कागदावर घरं आली, झाडं आली, सरांची सही आली. सीमा आली नाही. "तीन प्रती जायच्यात. साहेब म्हणतात सीमा लांबून दिसली पाहिजे."

सर काही बोलायच्या आत रोसेन्दोने खणातून खोके रंगवायचा जाड काळा मार्कर काढला, पट्टी लावली आणि गिरणीपासून स्मशानापर्यंत एका दमात ओढला. त्याचा किर्र आवाज सरांच्या दातांत गेला. मग गोल शिक्का, चौकोनी शिक्का, तारीख.  घरी आल्यावर सरांनी पट्टी घेऊन त्या रेषेची रुंदी मोजली आणि खुर्चीत बसले.

"तीन मिलिमीटर," ते म्हणाले.

"बरं मग?" नेलिदाबाई म्हणाल्या.

"पाच हजाराने गुण. पंधरा मीटर होतात. आणि गाढवाने पट्टी आपल्या अंगाला लावली. रस्ता चार मीटरचा. उरलेल्या अकरा मीटरात आपल्या बाजूची सहा घरं रेषेखाली गेली."

"कुणाची?"

"दुसरं आपलं."

नेलिदाबाईंनी हे फारसं मनावर घेतलं नाही. पण सार्जंटांनी घेतलं. लष्करात त्यांनी नकाशावर बोट ठेवून आयुष्य काढलं होतं, आणि शिक्का असलेला नकाशा त्यांच्या दृष्टीने जमिनीपेक्षा खरा होता. वरच्या आळीच्या नियमावलीत "सीमारेषेपर्यंत" असं होतं, आपल्या नियमावलीत, सरांच्याच अक्षरात, "सीमारेषेपासून" असं होतं. मधल्या काळ्या पट्ट्यात कुणीच नव्हतं.

"सर, तुमच्या घरावरून गस्त नेली तर ती हद्दीबाहेर जाते," सार्जंट मोठ्या दुःखाने म्हणाले. "नियम तुम्हीच लिहिलेत."

"पण मी स्वतः गस्त घालतोय ना? बुधवारी आणि शनिवारी."

"ती घालायचीच. तुम्ही सभासद आहात. घर सभासद नाही."

मग दुरुस्तीचा अर्ज आला. रोसेन्दो म्हणाला, शिक्का बसलेली रेषा पुसता येत नाही, हलवता येते. हलवायची तर मोजणीदाराचा दाखला हवा, आणि मोजणीदार जिल्ह्याहून गुरुवारी येतो. सर पाच गुरुवार नगरपालिकेच्या बाकावर बसले. पहिल्या गुरुवारी दरड कोसळली होती, दुसऱ्या गुरुवारी सुट्टी होती, तिसऱ्या गुरुवारी मोजणीदार आला पण त्याची दुर्बीण आली नाही. चौथ्याचं कारण कुणी सांगितलं नाही. पाचव्या गुरुवारी रेषेतल्या सहा घरांपैकी पहिल्या घराची कोंबडी गेली. पहिलं घर हे दुसऱ्याच्या शेजारी असतं हे सांगायला भूमिती लागत नाही.

"तुम्हीच का नाही मोजत?" शेवटी नेलिदाबाई म्हणाल्या. ही त्यांची चूक होती असं त्या पुढे अनेकदा कबूल करत.

सरांनी ठरवलं की जमिनीवर खरी रेषा आखायची, दोन्ही आळ्यांना दाखवायची, सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि कागद रोसेन्दोच्या टेबलावर ठेवायचा. दोन बिंदूंमधून एक आणि एकच रेषा जाते. गिरणीचा कोपरा हा एक बिंदू, स्मशानाचं फाटक हा दुसरा. मध्ये दोरी ताणायची आणि चुना टाकायचा. रस्त्यावर गाढवं आणि मोटारी नकोत म्हणून त्यांनी रविवारची सकाळ निवडली, सगळं गाव बाजारात असताना. त्या रविवारी दहा वाजले तरी धुकं उठलं नव्हतं. दहा पावलांपुढे काही दिसत नव्हतं. सरांना ते गैरसोयीचं वाटलं, पण अडचणीचं वाटलं नाही. रेषा सरळ असली की तिला दिसावं लागत नाही.

रस्ता फरशीचा, त्यात खुंटी शिरेना. म्हणून जिथे खुंटी हवी तिथे समोरच्या भिंतीवर ते चुन्याने लहानशी फुली करू लागले. तर आता चित्र असं. रविवारची सकाळ, गाव रिकामं, धुकं. अंगावर पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायची घोंगडी, टोपी कानांवर ओढलेली, एका हातात दोरीचं भेंडोळं, दुसऱ्या हातात पोतं, असा एक माणूस वाकून लोकांच्या बंद घरांवर पांढऱ्या फुल्या करत चाललाय. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे की चोर आधी येऊन घरावर खडूची खूण करून जातात आणि मग बाकीचे येतात. गावात हे माहीत नसलेला एकच माणूस होता.

पाचव्या फुलीला शिट्टी वाजली. मग चारी बाजूंनी शिट्ट्या वाजल्या, आणि धुक्यातून वरच्या आळीची आठ माणसं आली. त्यांत दोन बंदुका होत्या. सर म्हणाले, "मी चुकिलिन." पण टोपी आता डोळ्यांवर घसरली होती आणि आवाज थोडा बारीक निघाला. त्यांच्याच दोरीने त्यांचे हात बांधून त्यांना रस्त्याच्या कडेला दगडावर बसवलं, आणि अध्यक्षांना बोलावणं गेलं.

अध्यक्ष आल्या तेव्हा सरांनी डोळे मिटून घेतले. एदेल्मिरा तांता. बाजारात चीज विकते ती. अंगाने भरलेली, दोन वेण्या, कमरेला चाबूक. वीस वर्षांपूर्वी सरांनी तिला भूमितीत दोनदा नापास केलं होतं. पास व्हायला वीसपैकी अकरा गुण लागत, तिला दोन्ही वेळा दहा पडले होते. दुसऱ्या खेपेला तिची आई एका गुणासाठी घरी आली होती, आणि सरांनी त्या माउलीला समजावलं होतं की गुण ही द्यायची गोष्ट नसते, मिळायची असते. एदेल्मिरा त्यानंतर शाळेत आली नाही.

तिने वाकून सरांची टोपी वर केली.

"सर? तुम्ही?"

"हात सोडायला सांग ह्यांना."

"सांगते. आधी सांगा, भिंतीवर काय करत होतात?"

"बिंदू."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. एदेल्मिरा हसली नाही. तिने त्यांचे हात स्वतः सोडले, पोतं उघडून चुना पाहिला, नकाशा पाहिला, सगळं ऐकून घेतलं. मग ती खाली त्यांच्या समोर उकिडवी बसली आणि हळू आवाजात बोलली.

"सर, मला कळलं. पण ही माणसं बघताय ना? गेल्या महिन्यात माझ्या सख्ख्या दिराला दारू पिऊन दगड मारले म्हणून मी वीस उड्या मारायला लावल्या. सासू अजून बोलत नाही माझ्याशी. आज तुम्हाला तसंच सोडलं तर उद्या कुणाला काय तोंडाने सांगू? घरावर खूण करणाऱ्याला दहा उड्या, असं लिहिलंय. कुणाची खूण, कशाची, ते लिहिलेलं नाही."

"म्हणजे नियम नीट लिहिलेला नाही."

"नसेल. तुमच्यासारखं कुणी नव्हतं लिहायला. दहाच आहेत, सर. पटकन होऊन जातील."

"मी चुकिलिन आहे," सर म्हणाले. "मी उड्या मारत नाही. माझ्या रोंदेला बोलवा."

सार्जंट बाजारातून आले, मागे खालच्या आळीची सात माणसं आणि खांद्यावर आजोबांची बंदूक. आधी त्यांनी नेमकं कुठे पकडलं ते विचारलं. रेषेत की पलीकडे? पाचवी फुली वरच्या आळीच्या भिंतीवर होती, पण सरांचे पाय रस्त्यात होते. रेषेत असतील तर गुन्हा कुणाच्याच हद्दीत झालेला नाही, असं सार्जंटांचं मत पडलं, आणि ते खरं म्हणजे सरांना सोडवायलाच म्हणत होते. पण वरच्या आळीतला एक जण म्हणाला, "चिटणीसच चोर, मग रोंदा कशाला काढलीत? आणि ती बंदूक घरी ठेवा, आजोबांना लागेल."

सार्जंटांचा चेहरा काळवंडला. "माझ्या आजोबांचं नाव कुणी घेतलं?"

"मी घेतलं. नाव नाही घेतलं, नातं घेतलं."

मग आवाज चढले. शिव्या दोन्ही बाजूंनी अगदी तोलून आल्या, एकही फुकट गेली नाही. कुणीतरी कुणाच्या छातीला हात लावला. आणि सार्जंटांनी खांद्यावरची बंदूक काढून हातात घेतली, ते सवयीने असेल. समोरच्या दोघांनीही घेतल्या. धुक्यात चेहरे पुसट होते पण नळ्या स्वच्छ दिसत होत्या.  त्या नळ्या आम्ही तिथे असलेले कुणीच विसरणार नाही.

सर मध्ये दगडावर बसले होते. सार्जंटांच्या नळीपासून समोरच्या नळीपर्यंत एक आणि एकच रेषा जात होती, आणि ती त्यांच्या छातीच्या मधून जात होती. तिला रुंदी नव्हती. अठ्ठावीस वर्षं जी दिसत नसते म्हणून ते शिकवत आले, ती रेषा त्यांना त्या वेळी दिसली. सार्जंटांचा अंगठा घोड्यावर होता, हे त्यांनी पाहिलं. परवाना नसलेला, सतरा वर्षांत कुणावर न रोखलेला, घाबरलेला म्हातारा अंगठा. समोरचा बंदूकवाला तर जेमतेम पंचविशीचा, त्याला त्यांनी वर्तुळ शिकवलं होतं. हे दोघं आता एकमेकांना मारणार, आणि कशावरून, तर मार्करच्या एका फटकाऱ्यावरून.

सर उठले. नळ्यांच्या मधून चालत एदेल्मिरासमोर गेले. टोपी काढून दगडावर ठेवली, पोंचो डोक्यावरून काढून घडी घातली, चष्मा घडीवर ठेवला. मग ते उकिडवे बसले, दोन्ही हात कानांवर नेले आणि म्हणाले, "मोज."

"सर, थांबा जरा," सार्जंट म्हणाले.

"एक," सर स्वतःच म्हणाले आणि उडी मारली.

बेडूकउडी अठ्ठावन्नाव्या वर्षी कशी दिसते ते सांगत नाही, माणसाची लाज राखावी. दुसऱ्या उडीला त्यांचा गुडघा फट्दिशी वाजला आणि तो दोन्ही आळ्यांनी ऐकला. तिसऱ्या उडीला मागून उबाल्दिनाबाईंच्या यजमानांनी घाबऱ्या आवाजात "सावकाश, सर" म्हटलं, आणि चौथ्या उडीला सगळे मोजू लागले, वरची आळी आणि खालची आळी, एका सुरात. बंदुका कधी खाली गेल्या कुणालाच कळलं नाही, कारण बंदूक रोखून मोजता येत नाही, हसताही येत नाही. पंचविशीचा तो बंदूकवाला तोंडावर हात धरून उभा होता, आणि सार्जंट भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत होते. सातव्या उडीला सर बाजूला कलंडले ते उठेनात.

एदेल्मिराने पुढे होऊन त्यांना काखेत धरलं. उठवता उठवता ती मोठ्याने म्हणाली, "आठ, नऊ, दहा. झाल्या."

"सातच झाल्या," सर धापा टाकत म्हणाले.

"झाल्या, सर."

"सात झाल्यात. गाव मोजतंय."

"तीन मी दिल्या." ती त्यांच्या पाठीवरचा चुना झटकत होती. "घ्या आता. मिळायच्या नसतात त्या, द्यायच्याच असतात."

सरांनी घडीवरचा चष्मा उचलला. तो लावायला त्यांना बराच वेळ लागला.

रिवाजाप्रमाणे वही आली. वरच्या आळीच्या चिटणिसाने दगडावर बसून लिहायला घेतलं आणि अडला. कबुली काय लिहायची? गुन्हा तर झालाच नव्हता. शिक्षा मात्र झाली होती, ती खोडता येत नव्हती, कारण खोडली तर शिक्षा फुकट गेली असं होतं आणि रोंदेला ते शोभत नाही. दोन्ही आळ्यांनी डोकी एकत्र केली. सरांनीही, सवयीने, दोन शब्द सुचवले आणि एक व्याकरणाची चूक दाखवली. शेवटी सर्वानुमते नोंद झाली ती अशी: एराक्लियो चुकिलिन, शिक्षक, यांनी काहीही न करता पूर्ण शिक्षा भोगलेली आहे, पुढे कधी त्यांच्या हातून वरच्या आळीत लहानसा अपराध घडल्यास त्याची शिक्षा झाली असं समजावं. खाली सह्या, एदेल्मिराची सर्वांत मोठी. त्याच पानावर असंही ठरलं की गिरणीच्या रस्त्यावरून आणि त्याच्या काठच्या सगळ्या घरांवरून यापुढे दोन्ही रोंदांनी जायचं, नकाशा काहीही म्हणो. सार्जंटांनी नकाशाविरुद्ध आयुष्यात प्रथमच सही केली आणि घरी जाऊन बंदूक माळ्यावर टाकली. मोजणीदाराची वाट पाहणं आता कुणालाच नको होतं.

नेलिदाबाईंनी रात्रभर नवऱ्याच्या गुडघ्याला निलगिरीचं तेल चोळलं आणि एकदाही हसल्या नाहीत, हे त्या माउलीचं मोठेपण. सकाळी मात्र त्यांनी वहीची नक्कल दोनदा वाचली.

"म्हणजे तुम्हाला एक चोरी माफ आहे," त्या म्हणाल्या.

"तसा त्याचा अर्थ नाही."

"मग कसा आहे? तुम्हीच बसून लिहिलंय."

सरांनी नक्कल घेऊन पुन्हा वाचली. अर्थ तसाच होता. त्यांनी ती घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. आठवडाभर शाळेत ते काठी टेकत गेले. वर्गात कुणी काही बोललं नाही, उलट पोरं नेहमीपेक्षा लवकर उभी राहत होती, आणि त्याचं काय करायचं ते सरांना कळत नव्हतं.

पुढच्या रविवारी बाजारात बटाटे निवडता निवडता त्यांनी एकदम पिशवी नेलिदाबाईंच्या हातात दिली आणि "आलोच" म्हणून निघाले. बाजाराचं वरचं टोक वरच्या आळीच्या हद्दीत होतं, तिथे एदेल्मिराचं दुकान होतं, फळीवर चीजच्या चकत्या मांडलेल्या. गिऱ्हाइकांची गर्दी होती. सर फळीपाशी आले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. उभ्या जन्मात त्यांनी शाळेतला खडूसुद्धा घरी नेला नव्हता. त्यांनी मधली एक चकती उचलली, कोटाखाली घातली आणि चालू लागले. कान तापले होते, गुडघा दुखत होता, आणि आपण किती संशयास्पद चालतो आहोत हे त्यांना पाठीमागूनही दिसत होतं.

"अगं, ते सर चीज घेऊन गेले," एक गिऱ्हाईक बाई म्हणाली.

"जाऊ दे," एदेल्मिरा वजन करता करता म्हणाली. "ते आधीच उड्या मारून गेलेत." आणि मग तिने मान उंच करून हाक मारली. "सर, ते कालचं आहे. कडक झालंय. परत या, ताजं घेऊन जा."

सर थांबले. सगळा बाजार त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी कोटाखालची चकती चाचपून पाहिली, कडक होती खरी. ते वळून फळीपर्यंत आले, शिळी ठेवली, ताजी उचलली आणि या खेपेला ती कोटाखाली न घालता हातात धरून, काठी टेकत, सावकाश घरी गेले.